व्हिडिओ खेळाडू, प्रासंगिक व व्यासंगी

संगणक, दूरचित्रवाणी संच किंवा मोबाइल दूरध्वनी यांच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनीय खेळांना व्हिडिओ खेळ म्हणतात. हे खेळ खेळणाऱ्यांचे सामान्यतः दोन वर्ग मानले जातात. फावल्या वेळात मन रमविण्यापुरता खेळ हाती घेणारा व तो सहज बाजूला ठेवू शकणारा तो ‘प्रासंगिक’ खेळाडू. तर एखाद्या खेळाचे नियम, डावपेच व कौशल्ये यांचा दीर्घकाळ आणि जाणीवपूर्वक अभ्यास करणारा तो ‘व्यासंगी’ खेळाडू होय. या दोन वर्गांमध्ये काटेकोर सीमारेषा नाही. एकच व्यक्ती एका खेळात व्यासंगी आणि दुसऱ्या खेळात प्रासंगिक असू शकते. वयानुसार आणि परिस्थितीनुसार ती एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाते. व्यसन आणि पैशाची पैज या दोन गोष्टी व्यासंगाशी वारंवार एकरूप समजल्या जातात; वस्तुतः त्या त्याहून वेगळ्या आहेत. घरात पालकांना, दवाखान्यात वैद्यांना आणि न्यायालयात कायदेपंडितांना या चारही अवस्था वेगळ्या ओळखाव्या लागतात. त्यामुळे हा भेद केवळ वर्गीकरणाच्या सोयीचा राहिलेला नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविद्यासंस्थेत १९६२ मध्ये ‘स्पेसवॉर’ हा संगणकीय खेळ तयार झाला. तो खेळणारे विद्यार्थी व संशोधक हे स्वतःच यंत्राचे जाणकार होते. म्हणजे आरंभीचे खेळाडू बहुतांशी व्यासंगीच होते. १९७२ मध्ये अटारी कंपनीचा ‘पाँग’ व १९७८ मध्ये जपानी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हे खेळ सार्वजनिक ठिकाणी नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांवर आले, तेव्हा वाटेने जाणाऱ्या कोणाही व्यक्तीला खेळात प्रवेश मिळाला. या यंत्रांचे अर्थकारण लहान डावांवर अवलंबून असल्यामुळे नवख्याचा डाव लवकर संपे आणि कुशल खेळाडूला त्याच नाण्यात बराच वेळ खेळता येई. उच्चांकांच्या यादीमुळे दोघांतील अंतर सर्वांसमोर येऊ लागले.

पुढे खेळ घरात आले. जपानी निन्टेंडो कंपनीचे ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) आणि कोनामी कंपनीचे ‘काँट्रा’ (१९८७) हे खेळ भारतात प्रामुख्याने परदेशी यंत्रांच्या स्वस्त नकलांवर पोहोचले. कॅसेट बदलून दूरचित्रवाणी संचावर खेळावयाची ही यंत्रे १९९० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील शहरांत रूढ झाली. ज्यांच्या घरी ती नव्हती, त्यांच्यासाठी तासावर पैसे घेणारी व्हिडिओ गेम पार्लरे होती. १९९० मध्ये विंडोज ३.० या प्रणालीसोबत आलेला ‘सॉलिटेअर’ हा पत्त्यांचा खेळ आणि १९९७ मध्ये नोकिया कंपनीच्या ६११० या मोबाइलवर आलेला ‘स्नेक’ हा सापाचा खेळ यांनी मात्र एक नवाच वर्ग निर्माण केला. हे खेळ विकत घ्यावे लागत नव्हते. कामासाठी घेतलेल्या साधनात ते आपोआप आलेले होते. स्वतःला खेळाडू न म्हणविणारी असंख्य माणसे त्यामुळे खेळू लागली. २००६ मध्ये आलेल्या निन्टेंडोच्या ‘वी’ या यंत्राने हात हलवून खेळता येणारे सोपे खेळ दिले आणि १० कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली. ‘प्रासंगिक’ हा शब्द व्यापारात रूढ झाला तो या ग्राहकवर्गाला उद्देशून.

भारतात या दोन्ही वर्गांचा खरा विस्तार मोबाइलमुळे झाला. सप्टेंबर २०१६ नंतर आंतरजाल सेवेचे दर झपाट्याने उतरले आणि २०१८ मध्ये ‘पबजी मोबाइल’ हा शंभर खेळाडूंचा नेमबाजीचा खेळ आला. याआधी व्यासंगी खेळासाठी महाग संगणक वा खेळयंत्र लागत असे. आता जो दूरध्वनी खिशात होता तोच पुरेसा ठरला. परिणामी प्रासंगिक आणि व्यासंगी खेळाडू एकाच साधनावर आणि पुष्कळदा एकाच खेळात एकत्र आले आणि केवळ साधनावरून त्यांना ओळखणे अशक्य झाले.

भेदाचे निकष : सामान्य समजुतीप्रमाणे अधिक तास खेळणारा तो व्यासंगी. हा निकष मोजण्यास सोपा असला, तरी अपुरा आहे. बॅरी इप आणि अर्नेस्ट ॲडम्स यांनी २००२ मध्ये खेळाडूची निष्ठा मोजण्यासाठी १५ घटकांची मोजपट्टी सुचविली. तीत वेळ हा केवळ एक घटक होता. तंत्राची माहिती, खेळासाठी खर्च करण्याची तयारी, इतरांशी खेळाविषयी चर्चा करण्याची इच्छा, खेळ पूर्ण करण्यातील चिकाटी, पराभव सोसण्याची क्षमता, खेळात स्वतः बदल करून पाहण्याची वृत्ती अशा गोष्टींनाही तीत स्थान होते. 

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स यांनी १९८२ मध्ये मांडलेली ‘गंभीर विरंगुळा’ ही संकल्पना या संदर्भात उपयुक्त आहे. ती व्हिडिओ खेळांसाठी मांडलेली नव्हती. हौशी नट, खगोलनिरीक्षक अशा लोकांच्या अभ्यासातून ती निघाली. अशा विरंगुळ्याची सहा लक्षणे त्यांनी सांगितली : अडचणीतही टिकून राहणे, टप्प्याटप्प्याने होणारी प्रगती, ज्ञान वा कौशल्य मिळविण्यासाठी केलेले विशेष श्रम, टिकाऊ लाभ, समानधर्मी लोकांचे स्वतःचे विश्व आणि त्या छंदाशी जोडली गेलेली स्वतःची ओळख. हौशी नाट्यस्पर्धेसाठी कारखान्यातील काम संपल्यावर तालमी करणारा कामगार आणि केवळ करमणुकीसाठी नाटक पाहणारा प्रेक्षक यांच्यात जो फरक आहे, तोच व्यासंगी आणि प्रासंगिक व्हिडिओ खेळाडूंत आहे, असे या संकल्पनेच्या आधारे म्हणता येते.

खेळाडूंच्या प्रेरणाही एकसारख्या नसतात. ब्रिटिश खेळरचनाकार रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये अनेकांनी मिळून खेळावयाच्या संगणकीय खेळांतील लोकांचे चार प्रकार सांगितले : यश संपादू पाहणारे, खेळाचे जग धुंडाळणारे, इतरांच्या सहवासासाठी येणारे आणि इतरांवर मात करण्यात आनंद मानणारे. या चारही प्रकारांत प्रासंगिक आणि व्यासंगी असे दोन्ही खेळाडू आढळतात. स्पर्धा न खेळणारा, परंतु एखाद्या खेळातील प्रत्येक वाट, कथानक व रचना यांचा शोध घेणारा खेळाडूही व्यासंगीच होय. स्पर्धात्मक वृत्ती हे व्यासंगाचे आवश्यक लक्षण नव्हे.

या सर्व विवेचनातून दोन व्यवहार्य निकष हाती येतात. पहिला म्हणजे खेळ आणि दिनक्रम यांचा संबंध. प्रासंगिक खेळाडू दिवसाच्या फटींमध्ये खेळ बसवितो. व्यासंगी खेळाडू खेळासाठी दिवसात जागा राखून ठेवतो. दुसरा निकष पराभवानंतरच्या वर्तनाचा. प्रासंगिक खेळाडू हरल्यास पुन्हा एकदा खेळतो किंवा दूरध्वनी ठेवून देतो. हरण्याचे कारण त्याला महत्त्वाचे वाटत नाही. व्यासंगी खेळाडू डावाचे चित्रण पुन्हा पाहतो, चूक कोठे झाली ते शोधतो आणि पुढच्या डावात तेवढीच गोष्ट सुधारण्याचा प्रयत्न करतो. यांपैकी दुसरा निकष अधिक विश्वसनीय आहे. कारण दिवसात जागा राखून ठेवण्याची मुभा सर्वांना सारखी नसते.

खेळाची रचना व खेळाडू : अमुक खेळ प्रासंगिकांचे आणि तमुक व्यासंगींचे, अशी विभागणीही केली जाते. डॅनिश अभ्यासक येस्पर यूल यांनी आपल्या ‘ए कॅज्युअल रेव्होल्यूशन’ या ग्रंथात तिची चिकित्सा केली आहे. त्यांच्या मते प्रासंगिक म्हणविल्या जाणाऱ्या खेळांचे वैशिष्ट्य त्यांच्या लवचिकपणात असते : नियम चटकन समजतात, डाव मध्येच थांबविता येतो, चुकीची शिक्षा सौम्य असते. उलट, ज्यांना कठीण समजले जाते ते खेळ खेळाडूकडून आरंभीच बराच वेळ व ज्ञान मागतात. लवचिक खेळ कमी वेळही खेळता येतो आणि पुष्कळ वेळही. ताठर खेळ कमी वेळ खेळणे मात्र अवघड जाते.

उदा., ‘कँडी क्रश सागा’ (२०१२) या रंगीत गोळ्या जुळविण्याच्या खेळातील डाव काही मिनिटांत संपतो आणि मध्येच सोडल्यास इतर कोणाचे नुकसान होत नाही. पबजीच्या धर्तीच्या खेळात शंभर खेळाडू हवाई छत्रीने एका बेटावर उतरतात, सुरक्षित क्षेत्र आक्रसत जाते आणि शेवटी टिकणारा खेळाडू वा चमू विजयी होतो. शेवटपर्यंत टिकल्यास त्याला सुमारे अर्धा तास लागतो. मध्येच उठणाऱ्यामुळे चौघांच्या चमूतील इतर तिघे अडचणीत येतात. दाराची घंटा वाजली तर पहिला खेळ थांबतो, दुसरा थांबत नाही. घरकाम, मुलांची देखभाल व आजारपण सांभाळणाऱ्या व्यक्ती प्रामुख्याने पहिल्या प्रकारचे खेळ का निवडतात, याचे एक कारण येथे सापडते. ते आवडीचे किंवा कुवतीचे नसून वेळेवरील हक्काचे आहे. कँडी क्रशमध्ये दहा हजारांहून अधिक पायऱ्या आहेत. वर्षानुवर्षे त्या चढत गेलेली, कोणत्या रचनेत कोणती चाल राखून ठेवावी हे जाणणारी गृहिणी वरील निकषांप्रमाणे व्यासंगी ठरते, जरी तिला तसे कोणी म्हणत नसले तरी. ‘प्रासंगिक’ हा शब्द नेमबाजीचे खेळ खेळणाऱ्या तरुणांत पुष्कळदा तुच्छतेने वापरला जातो. या वापरास शास्त्रीय आधार नाही.

औद्योगिक परिसरातील स्थिती : दिनक्रमाचा आणि खेळाचा संबंध औद्योगिक वस्त्यांत विशेष स्पष्टपणे दिसतो. पुण्याच्या वायव्येस पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकण या भागांत औद्योगिक क्षेत्रे विकसित केली. पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० मध्ये स्थापन झाली व १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाखांवर होती. पवना नदीच्या काठी, पिंपरीच्या पलीकडे वसलेली काळेवाडी ही या शहरातील दाट वस्तीची उपनगरी होय. राज्याच्या निरनिराळ्या भागांतून कामासाठी आलेली कुटुंबे आणि भाड्याच्या खोल्यांत एकत्र राहणारे तरुण ही अशा वस्त्यांची ओळख आहे.

पहिली, दुसरी आणि रात्रपाळी अशी कारखान्यांतील पाळ्यांची पद्धत असते आणि पुष्कळ ठिकाणी त्या आळीपाळीने बदलतात. पाच तासांच्या सलग कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, ही तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमाने घालून दिली होती. जेवणासहित या अर्ध्या तासात आणि कंपनीच्या बसमधील प्रवासात लहान, थांबविता येणारा खेळच बसू शकतो. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिका भवन ते फुगेवाडी हा पुणे मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला. अशा प्रवासातील स्थानकांमधील अंतर हेही प्रासंगिक खेळाचेच माप आहे.

चमूने खेळावयाच्या खेळांचे गणित याच्या उलट असते. चौघांनी रोज ठराविक वेळी सरावास बसणे हा त्यांचा पाया आहे. एका आठवड्यात पहिली आणि पुढच्या आठवड्यात दुसरी पाळी करणाऱ्याला रात्री नऊची वेळ पाळता येत नाही. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते, तर हौशी स्पर्धा सोयीसाठी शनिवार-रविवारी ठेवल्या जातात. एकाच खोलीत वेगवेगळ्या पाळ्यांचे लोक राहत असतील, तर एकाच्या खेळाच्या वेळी दुसऱ्याची झोप असते. तेथे मोठ्याने बोलून साथीदारांना सूचना देणेही शक्य नसते. अशा परिस्थितीत व्यासंगी वृत्तीचा कामगार एकट्याने खेळावयाच्या खेळाकडे वळतो, किंवा पाळ्या नसलेल्या विद्यार्थिदशेतच त्याचा व्यासंग संपतो. केवळ तासांवरून वर्गवारी केल्यास हा खेळाडू प्रासंगिकांत जमा होईल. त्याच्या पराभवानंतरच्या वर्तनाकडे पाहिल्यास मात्र त्याचा व्यासंग लक्षात येतो.

व्यासंगी सरावाचे स्वरूप : व्यासंगी खेळाडू केवळ अधिक खेळत नाही, तो वेगळ्या प्रकारे खेळतो. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन व त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये बर्लिनमधील व्हायोलिनवादकांच्या अभ्यासावरून ‘हेतुपुरस्सर सराव’ ही संकल्पना मांडली. आपल्या कमतरतेवर नेमके बोट ठेवून, तत्काळ मिळणाऱ्या प्रतिसादाच्या आधारे, तीच कृती सुधारत राहणे हे त्याचे सार आहे. अशा सरावात आनंद कमी आणि श्रम अधिक असतात. भोसरी किंवा कोल्हापूर येथील तालमीत पैलवान रोज कुस्तीच करीत नाही. जोर-बैठका काढतो, एकच डाव पुन्हापुन्हा घोटतो. मोबाइलवरील नेमबाजीच्या खेळातही हेच दिसते. बंदूक झाडल्यावर तिची नळी वर उचलली जाते. हा झटका आवरण्यासाठी खेळाडू सरावाच्या मैदानात भिंतीवर तासन्‌तास गोळ्या झाडतो. दोन अंगठ्यांऐवजी चार बोटांनी खेळण्याची सवय लावून घेतो. तसे करताना सुरुवातीचे काही आठवडे त्याचा खेळ पूर्वीपेक्षा बिघडतो, ही किंमत प्रासंगिक खेळाडू सहसा मोजत नाही. नकाशातील घरे, टेकड्या व वाटा तो पाठ करतो. संदेश जाण्यायेण्यास लागणारा विलंब, ज्याला खेळाडू ‘पिंग’ म्हणतात, तो मिलिसेकंदांत मोजून कोणत्या जोडणीवर खेळावे हे ठरवितो. चमूमध्ये डाव आखणारा, पुढे घुसणारा, पाठराखण करणारा, दुरून नेम धरणारा अशा भूमिका वाटलेल्या असतात. लढतीच्या खेळांत प्रत्येक फटक्याला किती चित्रचौकटी लागतात याचे कोष्टक खेळाडूंना मुखोद्गत असते; सेकंदाला ६० चौकटी या हिशेबाने एका चौकटीचा काळ सुमारे १७ मिलिसेकंद होतो, तर डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर प्रतिक्रिया देण्यास माणसाला साधारणतः २०० मिलिसेकंद वा अधिक लागतात. म्हणजे पाहून प्रतिसाद देणे पुरेसे नसते; प्रतिस्पर्धी काय करील याचा आधीच अंदाज बांधावा लागतो.

मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७५ मध्ये वर्णिलेली तल्लीनतेची अवस्था, जी आव्हान आणि कौशल्य तोलामोलाची असताना प्राप्त होते, ती दोन्ही वर्गांच्या वाट्याला येते. आव्हान सोपे ठेवून प्रासंगिक खेळाडू ती मिळवितो, तर कौशल्य वाढवून व्यासंगी.

अर्थकारण : आजचे अनेक मोबाइल खेळ विनामूल्य मिळतात. त्यांचे उत्पन्न जाहिराती आणि खेळातील पोशाख, शस्त्रांची सजावट, जादा चाली इत्यादींच्या विक्रीतून येते. पैसे खर्च करणारे खेळाडू अल्पसंख्य असतात आणि त्यांतही थोड्यांकडून मोठा हिस्सा जमा होतो. परंतु अधिक खर्च करणारा तो अधिक व्यासंगी, असे नसते. कष्ट टाळून पुढे जाण्यासाठी पैसे देणारा खेळाडू एका अर्थाने व्यासंगाच्या उलट वागतो.

व्यासंगाचे रूपांतर उपजीविकेत होण्याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत, पण ती मोजकी. मुंबईचे नमन माथूर यांच्या ‘सोल’ या चमूने २०१९ मध्ये पबजी मोबाइल इंडिया सिरीज ही स्पर्धा जिंकली. पुण्यात खेळनिर्मितीही होते. नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ (२०२०) हा भारतीय पुराणकथांवर आधारित खेळ आणि सुपरगेमिंग या संस्थेचा ‘इंडस’ (२०२४) हा नेमबाजीचा खेळ ही त्याची उदाहरणे होत. जकार्ता येथील २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत इलेक्ट्रॉनीय खेळ प्रात्यक्षिक स्वरूपात होते व त्यांत भारताच्या तीर्थ मेहता यांना कांस्यपदक मिळाले. २०२३ मध्ये हांगजो येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत हे खेळ पदकांच्या अधिकृत गणनेत आले.

व्हिडिओ खेळाचा व्यासंग कुस्ती किंवा बुद्धिबळाच्या व्यासंगापेक्षा एका बाबतीत अधिक असुरक्षित असतो. बुद्धिबळाच्या नियमांवर कोणाची मालकी नाही. व्हिडिओ खेळ मात्र कंपनीच्या मालकीचा असतो आणि तो एका दिवसात नाहीसा होऊ शकतो. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने पबजी मोबाइलसह ११८ अनुप्रयोगांवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा काढून घेण्यात आला आणि मे २०२३ मध्ये, दैनंदिन वेळेच्या मर्यादेसह, पुन्हा सुरू झाला. प्रासंगिक खेळाडूने या काळात दुसरा खेळ घेतला. व्यासंगी खेळाडूची नकाशांची जाण, चमूची घडी व उत्पन्नाची आशा मात्र प्रत्येक वेळी विस्कटली.

व्यासंग आणि व्यसन : हे दोन्ही शब्द संस्कृतातून मराठीत आलेले असून दिसण्यात जवळचे आहेत, परंतु त्यांचे मूळ वेगळे आहे. व्यासंगात ‘सञ्ज्’ म्हणजे चिकटणे हा धातू आहे, तर व्यसनात ‘अस्’ म्हणजे फेकणे हा. दोन्हींत तास पुष्कळ जातात, म्हणून पालकांना ते सारखेच दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘खेळविकृती’ या विकाराचा समावेश झाला असून ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. विकाराची तीन लक्षणे सांगितली आहेत : खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर आवडी व दैनंदिन कामे यांच्यापेक्षा खेळाला वाढते प्राधान्य मिळणे आणि दुष्परिणाम दिसत असूनही खेळणे चालू राहणे वा वाढणे. याखेरीज कौटुंबिक, सामाजिक, शैक्षणिक वा व्यावसायिक जीवनात लक्षणीय बिघाड झालेला असला पाहिजे आणि ही स्थिती सामान्यतः किमान १२ महिने टिकलेली असली पाहिजे. लक्षणे तीव्र असल्यास कमी कालावधीही ग्राह्य धरला जातो. या व्याख्येत तासांची संख्या दिलेली नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. 

व्यासंगी खेळाडू अधिक वेळ खेळत असला, तरी परीक्षेच्या वा कामाच्या काळात खेळ बाजूला ठेवू शकतो. थकल्यावर सराव निरुपयोगी होतो हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो थांबतो. व्यसनात थांबणेच नाहीसे होते. हरल्याने थांबता येत नाही आणि जिंकल्यानेही नाही. खेळात प्रगतीही होत नसते, कारण हेतू कौशल्याचा नसून दुसरीकडची चिंता, एकटेपणा वा नैराश्य विसरण्याचा असतो. प्रासंगिक, लवचिक खेळांचेही व्यसन लागू शकते. बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठी २०१४ मध्ये स्वतंत्र चिकित्सालय सुरू केले. व्यसनी मुलाला व्यासंगी समजणे त्याला उपचारांपासून दूर ठेवते. व्यासंगी मुलाला व्यसनी ठरविणे त्याला खोटे बोलावयास व चोरून, रात्री जागून खेळावयास भाग पाडते. दोन्ही चुकांची किंमत मूलच मोजते.

कायदेशीर बाजू : खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा प्रश्न भारतीय कायद्यात जुना आहे. मुंबई राज्यात प्रसृत होणाऱ्या बक्षिसी शब्दकोड्यांसंबंधीच्या चमारबागवाला प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये, ज्या स्पर्धेचे यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते ती जुगार नव्हे, असे तत्त्व मान्य केले. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन रमी व क्रिकेटवरील कल्पित संघांच्या खेळांनी पुढे याच तत्त्वाचा आधार घेतला. त्यांच्या जाहिरातींत ग्राहकाला कुशल, अभ्यासू खेळाडू म्हणून संबोधले जाई. व्यासंगाची भाषा पैजेच्या व्यापारासाठी वापरली जाण्याचे हे ठळक उदाहरण होय.

डिसेंबर २०२२ मध्ये इलेक्ट्रॉनीय क्रीडा हा विषय केंद्रीय क्रीडा विभागाकडे व ऑनलाइन खेळ हा विषय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे सोपविण्यात आला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन खेळ प्रोत्साहन व विनियमन अधिनियमाने तीन वर्ग केले : नियमबद्ध स्पर्धांच्या इलेक्ट्रॉनीय क्रीडा, करमणुकीचे वा शिक्षणाचे सामाजिक खेळ आणि पैशांचे खेळ. पहिल्या दोहोंस उत्तेजन आणि तिसऱ्यास मनाई, असे त्याचे धोरण आहे. पैशांचा खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, परताव्याच्या आशेने पैसे लावले जातात की नाही एवढेच त्यात पाहिले जाते. स्पर्धेचे प्रवेशशुल्क व कामगिरीबद्दलचे बक्षीस मात्र इलेक्ट्रॉनीय क्रीडांत चालते. असे खेळ चालविणाऱ्यास शिक्षा सांगितली असून खेळणाऱ्यास ती नाही. स्थूलमानाने पाहता, व्यासंगी, प्रासंगिक आणि पैज लावणारा या तिघांचा भेद प्रथमच कायद्याच्या भाषेत मांडला गेला. व्यसनाचा प्रश्न मात्र या वर्गवारीने सुटत नाही, कारण ते तिन्ही वर्गांत उद्‌भवू शकते.

पालक, शिक्षक व समुपदेशक यांना खेळाडूची अवस्था ओळखण्यासाठी तासांच्या मोजणीपेक्षा काही साधे प्रश्न अधिक उपयोगी पडतात. खेळाडू हरल्यावर काय करतो? गेल्या सहा महिन्यांत तो खेळात काय शिकला हे त्याला सांगता येते काय? गरज पडली असता तो काही दिवस खेळ थांबवू शकतो काय? खेळात पैसा जात असेल, तर तो परत मिळविण्याच्या आशेने जातो काय? पहिल्या प्रश्नाला उत्तरच नसेल आणि खेळ सहज थांबत असेल, तर खेळाडू प्रासंगिक आहे व चिंतेचे कारण नाही. पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे स्पष्ट असतील, तर तो व्यासंगी आहे; त्याला झोप, शिक्षण व व्यायाम यांच्याशी मेळ घालण्यासाठी मदत लागते, बंदी नव्हे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर तज्ज्ञाचा सल्ला घेणे योग्य ठरते. आणि चौथ्याचे होकारार्थी असेल, तर तो प्रश्न व्हिडिओ खेळाचा नसून जुगाराचा आहे, असे समजून त्याची हाताळणी करावी लागते.